रिलीज नोट्स, टॉपिक आणि अडून बसणारे सामान्यरूप

कुळागर: जमीन-नोंदींच्या सॉफ्टवेअरचे दस्तऐवज डिटामध्ये आहेत, म्हणजे मजकुराचे सुटे तुकडे लिहून ते जोडण्याच्या एक्सएमएल पद्धतीत. महाराष्ट्र आणि गोवा, दोहोंना मजकूर एकच. रिलीज नोट्सना 'प्रकाशन टिपा' म्हणावे का? आणि टॉपिकला, म्हणजे अशा एकेका तुकड्याला, 'विषय'?

मांडवीकाठ: 'प्रकाशन' म्हटले की शाल-श्रीफळ आठवते, आणि टीप तर पानाच्या तळाशी असते. सरळ 'आवृत्ती ४.२ : काय बदलले' लिहा. 'विषय' मात्र नकोच. फेरफार हा विषय. 'फेरफाराची नोंद छापताना तारीख गळते' हा टॉपिक. 'घटक' चालेल, पण टीममध्ये सगळे टॉपिकच म्हणतात, तेच राहू द्या. शीर्षकात आवृत्तीचा आकडा किंवा 'दुरुस्त केले' घालू नका. आज ज्ञात त्रुटींत असलेला टॉपिक उद्या दुरुस्त्यांच्या मॅपमध्ये (टॉपिक क्रमाने जोडणाऱ्या फाइलमध्ये) जातो आणि शीर्षक खोटे पडते.

कुळागर: उताऱ्याचे नाव 'की' (key: मजकुरात ठेवलेले खूणनाव, त्याजागी छापताना मॅपमध्ये दिलेला शब्द येतो) वापरून बदलतो: तिकडे 'सातबारा', इकडे 'एक-चौदा'. तरी गोव्याच्या नोट्समध्ये सातबाराच छापून येतो.

मांडवीकाठ: त्याच कीची व्याख्या सामायिक मॅपमध्येही असेल. गोव्याची व्याख्या मुख्य मॅपमध्ये ठेवा, आतल्या मॅपपेक्षा तिला प्राधान्य मिळते. दोन्ही एकाच मॅपमध्ये असतील तर जी आधी, ती लागते.

सांखळी: खरी अडचण पुढेच आहे. कीला 'वर' जोडलात तर 'एक-चौदावर' बिनबोभाट छापले जाते, कारण 'चौदा'चे रूप बदलत नाही. महाराष्ट्राच्या प्रतीत मात्र 'सातबारावर' येते, हवे 'सातबाऱ्यावर'. गोव्याची प्रत तपासून ही चूक कधीच सापडणार नाही. प्रत्येक विभक्तीसाठी वेगळी की करणे म्हणजे नसता व्याप. कीपुढे 'या उताऱ्यावर', 'या उताऱ्यात' असे लिहा. प्रत्यय 'उतारा' पेलतो, की मूळ रूपातच राहते. लिंगाचाही प्रश्न मिटतो: 'हा उतारा उघडत नाही' दोन्हीकडे चालते. इंग्रजी नमुने पाहून की बसवणाऱ्यांना हे सुचत नाही, तिकडे सामान्यरूपच नाही ना!

कुळागर: पटले. 'फिल्टर' आणि 'फ्लॅग' दोन्हींना 'निवड' म्हणतो, चालेल?

सांखळी: नाही. एक 'वगळणे', दुसरे 'खूण करणे'. 'रेव्ह' या, आवृत्ती नोंदवणाऱ्या गुणधर्मावर डिटाव्हॅलमधून (काय वगळायचे, कशावर खूण करायची हे सांगणाऱ्या फाइलमधून) फक्त खूण होते, मजकूर वगळला जात नाही. शिवाय 'ऑडियन्स'मध्ये, म्हणजे मजकूर कोणासाठी हे सांगणाऱ्या गुणधर्मात, 'अंतर्गत' आणि 'ग्राहक' अशी दोन मूल्ये असतील, तर एकटे 'अंतर्गत' वगळून परिच्छेद जात नाही. दोन्ही वगळावी लागतात. अंतर्गत कारणे ग्राहकाच्या हाती पडतात ती बहुधा इथूनच.