दहा मीटरसाठी पिस्तूल: बजेट ९० हजार, बोर कोणता आणि सेकंडहँड घ्यावं का?

लोकमान्यनगर_इंदूर
मुलगी १६ वर्षांची आहे, उजव्या हातानं मारते, पंजा लहान आहे. क्लबच्या एअर पिस्तुलावर दहा मीटरची नेमबाजी शिकते, ६० शॉट्समध्ये ६०० पैकी ५२०-५३० गुण येतात. क्लबचं पिस्तूल तिघींत फिरतं आणि ग्रिप तिला ढगळ होते, म्हणून स्वतःचं घ्यायचं आहे. सगळं धरून ९० हजार. समोर तीन पर्याय आहेत:
अ) नवं देशी स्प्रिंगचं पिस्तूल, १२ हजार
ब) बैकाल आयझेडएच-४६एम, जुनं, ४५ हजार
क) स्टायर एलपी१०, जुनं, दाबलेल्या हवेचे दोन सिलेंडर आणि मीडियम ग्रिप, ७८ हजार
त्यात मेहुणे म्हणतात, एवढे पैसे घालताच आहात तर सरळ पॉइंट टू-टू (.२२) घ्या, नाहीतर .३२ चं लायसन्स काढा, घरातही कामाला येईल. जाणकारांनी सांगावं.

टेनरिंग
आधी बोरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, निकाल लावू, तो सोपा आहे. मेहुण्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

तुम्हाला हवा .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी. एअर वेपनचा बोर .१७७ पर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही. मॅच पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास. हिशेब केला तर साडेपाच ज्यूल भरतात. मर्यादेच्या खूप खाली. बिल तुमच्या ओळखपत्रावर, तुमच्या नावानं करा आणि त्याची प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. रेल्वेत कुणी पेटी उघडायला लावली तर तोंडी समजावत बसण्यापेक्षा तो कागद बरा.

.२२ एलआर हे फायरआर्म आहे. शस्त्र कायद्यात २१ वर्षांखालच्या व्यक्तीला स्वतःच्या नावानं शस्त्र बाळगता येत नाही. खेळाच्या प्रशिक्षणासाठी वेगळी तरतूद आहे, पण तो रस्ता क्लबमार्फत जातो, दुकानामार्फत नाही. शिवाय .२२ चा सामना २५ मीटरवर असतो. रेंज वेगळी, ट्रिगर दाबायला किमान १००० ग्रॅम, आणि महिलांच्या सामन्यात ३० शॉट प्रिसिजनचे (सावकाश नेम धरून), ३० रॅपिडचे (झटपट). दहा मीटरवर हात बसल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही, आणि गेलीच तर सुरुवात क्लबच्या हत्यारावर होते.

.३२ चा तर खेळाशी तिच्यापुरता संबंधच नाही. या मोठ्या बोरचा सामना म्हणजे सेंटर फायर, तो पुरुषांचा प्रकार आहे. बाजारातलं .३२ एसीपी पिस्तूल स्वसंरक्षणाच्या लायसन्सवर मिळतं, त्याचा ट्रिगर जड आणि पुढच्या-मागच्या साईटमधलं अंतर कमी. त्यावर टार्गेट शूटिंग शिकता येत नाही. आणि मेहुण्यांना हेही सांगा की रिव्हॉल्वरचं .३२ काडतूस लांब, रिमचं असतं, पिस्तुलाचं आखूड. आकडा तोच असला तरी एकाचं दुसऱ्यात चालत नाही. ९ मिमी तर प्रतिबंधित बोर आहे, त्याचं नावच काढू नका.

महूकर
बोरचं वर आलंच आहे. आता हत्यार.

(अ) सोडून द्या. स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा बॅरलमध्ये असतानाच पिस्टन पुढे आदळतो आणि हात हलतो. मुलगी ५२० ला पोहोचली आहे. तिची चूक कुठली आणि स्प्रिंगची कुठली, हे तिला कधीच कळणार नाही. गच्चीवर डबे पाडायला ठीक.

(क) चांगलं हत्यार आहे. ट्रिगर मेकॅनिकल, झटका खाणारा स्टॅबिलायझर आत आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर गुळगुळीत असतो, पण जुन्यात सर्किट गेलं तर इंदुरात दुरुस्ती मिळणं कठीण. टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीच्या मधोमध मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि तिचा किती वेळ गेला ते सगळ्या देशानं पाहिलं.

पैसे देण्याआधी हे बघा, याच क्रमानं:

सिलेंडरवर कोरलेली तारीख. पहिलं आणि शेवटचं हेच. उत्पादनापासून दहा वर्षं झाली की सिलेंडर मुदतबाह्य. सामन्यात तो चालत नाही आणि घरीही भरू नये. आत २०० बार दाब असतो. विकणारे पिस्तुलाचा फोटो चारही बाजूंनी पाठवतात, ही तारीख मात्र फोटोत येत नाही. मागून घ्या.

गळती. सिलेंडर लावून गेजचा फोटो काढा, रात्रभर ठेवा, सकाळी परत बघा. काटा उतरला असेल तर सिलेंडर पुन्हा भरा आणि ही रात्र तो पिस्तुलापासून सोडवून ठेवा. सुटा ठेवूनही उतरला तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह गेला. सुटा असताना टिकतो आणि लावल्यावर उतरतो, तर पिस्तुलाकडची सील किंवा ओ-रिंग. ओ-रिंग स्वस्तातलं काम आहे, व्हॉल्व्ह नाही. नुकत्याच भरलेल्या सिलेंडरवर ही परीक्षा घेऊ नका: भरताना हवा तापते, थंड झाली की काटा आपोआप थोडा खाली येतो, त्याला गळती म्हणत नाहीत.

गट, म्हणजे एकाच नेमावर मारलेले छर्रे किती जवळ पडतात ते. हत्यार टेकवून, एकाच टिनमधले दहा छर्रे मारा. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. चांगल्या बॅरलचे दहाही छर्रे एकाच फाटक्या भोकात जातात. दोन-तीन वेगळे पडले तर आधी टिन बदलून बघा, मग बॅरलला दोष द्या.

छर्रा_१७७
(ब) बैकालला इतकं पटकन बाजूला सारू नका. सिंगल स्ट्रोक आहे, दर शॉटआधी लिव्हर एकदा ओढून हवा दाबायची, सिलेंडरचीच भानगड नाही, पंप नाही, तारीख नाही. दर शॉटला वेग सारखा, बॅरल उत्तम. उलट जुनं सीओ-टू (कार्बन डायऑक्साइड गॅसचं) पिस्तूल कुणी स्वस्तात देत असेल तर ते घेऊ नका. मे महिन्यात ४२ अंशांत गॅसचा दाब बदलतो आणि सकाळी जुळवलेली साईट दुपारी जुळत नाही.

महूकर
बैकालची बॅरल चांगली, मान्य. पण लिव्हर ओढायला जोर लागतो. साईटर्स (गुण न मोजले जाणारे चाचणीचे शॉट) धरून ७०-८० वेळा, त्यातले ६० तर ७५ मिनिटांत. १६ वर्षांच्या मुलीचा खांदा चाळिसाव्या शॉटनंतर बोलायला लागतो. सराव फक्त ३० शॉट्सचा असता तर मीही तेच म्हटलं असतं.

लोकमान्यनगर_इंदूर
तारखा मागवल्या. एका सिलेंडरवर २०१४, दुसऱ्यावर २०१९. आणि हवा भरायचं काय? आमच्या कॉलनीतला पंक्चरवाला भरून देईल का?

टेनरिंग
२०१४ चा बाद. म्हणजे तुम्हाला एकच सिलेंडर मिळतोय. भाव त्यावर करा. ७८ नव्हे, नव्या सिलेंडरची किंमत दुकानात विचारा आणि तेवढी सरळ वजा करा. दुसऱ्या कंपनीचा सिलेंडर बसेल असं कुणी म्हणालं तर आधी आटे जुळवून बघा, बहुतेक बसत नाही.

पंक्चरवाल्याकडे दहा-बारा बार असतात, तुम्हाला २०० हवेत. क्लबच्या मोठ्या टाकीवरून भरा, नाहीतर ओलावा गाळणारा हातपंप घ्या. पंप मधेमधे थांबवा, तापला की सील जातात, आणि ड्रेनचा स्क्रू उघडून पाणी काढत जा, पावसाळ्यात जास्तच. ऑक्सिजन कधीही नाही, मेडिकलचा नाही की वेल्डिंगचा नाही. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. आत मशीन ऑइलही घालू नका, सीलला सिलिकॉन ग्रीस.

अनामिका_सुदामानगर
तुम्ही सगळे धातूवर बोलताय, मुलीचा खरा त्रास ग्रिपचा आहे. मीडियम ग्रिप लहान पंजाला ढगळ होणारच. पिस्तूल हातात देऊन तिला हे करायला सांगा: टार्गेटकडे उभं राहायचं, डोळे मिटायचे, हात उचलायचा, मनगट सैल न सोडता नेहमीसारखं धरायचं, मग डोळे उघडायचे. फोरसाईट (नळीच्या टोकाची माशी) मागच्या साईटच्या खाचेच्या मधोमध असली तर ग्रिप जुळली. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर ग्रिप हात वळवते आहे. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आडवं, सरळ बसलं पाहिजे आणि बोटाची बाजू लाकडाला घासता कामा नये.

स्मॉल ग्रिप वेगळी मिळते. ती मिळेपर्यंत मीडियमवरच काम होतं: जिथे पोकळी राहते तिथे लाकडाचा भुसा मिसळलेला एम-सील लावायचा, वर क्लिंग फिल्म टाकून तिच्याकडून घट्ट धरवून घ्यायचा, वाळला की पॉलिश पेपर. आधी थोडाच. आणि एक बघा, भर घालता घालता पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीबाहेर गेलं तर इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामन्याआधीच्या हत्यार-तपासणीत, अडेल. तळहाताखालचा पाट वाढवताना हमखास ५० ओलांडतात.

छर्रे चपट्या तोंडाचेच. एकाच कंपनीत ४.४९ आणि ४.५० असे डोक्याचे माप येतात. दोन्हीचा एकेक टिन घेऊन गट बघा, मग एकदम घ्या. रोज ८०-१०० मारले तर ५०० चा टिन आठवडाभरही पुरत नाही. बजेटमधले १०-१२ हजार यासाठी राखून ठेवा. शिसं लागलेले हात साबणानं धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू देऊ नका.

लोकमान्यनगर_इंदूर
विकणारा ६२ वर आला, २०१४ चा सिलेंडर तो परत ठेवून घेतोय. ट्रिगर म्हणतो "एकदम हलका, लोण्यासारखा". हे चांगलं की वाईट?

महूकर
तपासा. ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅम लागले पाहिजेत. चाचणीचं वजन ट्रिगरला अडकवून बॅरल उभी धरून उचलतात. वजन उचललं जाण्याआधी शॉट सुटला तर नापास. पिस्तूल छर्र्याशिवाय, पण हवेच्या दाबासह कॉक केलेलं हवं, कोरडं नाही. ५०० वरच ठेवू नका, ५१०-५२० ठेवा, उन्हाळ्यात आणि झिजेनं थोडं सरकतं. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो, त्यातला बराचसा भार पहिल्या टप्प्यावर द्या, दुसऱ्यावर १२०-१५०. हलका असला तर ट्रिगरचं वजन स्क्रूनं वाढवता येतं, फक्त वाढवल्यावर तीस-चाळीस शॉट मारून पुन्हा वजन लावा. स्क्रू शेवटपर्यंत कसूनही ५०० येत नसेल तर स्प्रिंग बदललेली आहे, मग ६२ ही नाहीत.