बिनतारी स्पॉटिंग कॅमेरा: मुलांनी प्रत्येक गोळीनंतर पडद्याकडे पाहावे काय?

प्रशिक्षक, परभणी

आमच्या नेमबाजीच्या ५० मीटर रेंजवर आजही कागदी टार्गेट आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेट बसवण्याइतका निधी नजीकच्या काळात उभा राहील असे दिसत नाही. दिवाळीनंतर पालकांनी वर्गणी काढून स्पॉटिंग स्कोपच्या, म्हणजे टार्गेटवरचे भोक पाहायच्या दुर्बिणीच्या, आयपीसवर (डोळा लावायच्या भागावर) बसणारा बिनतारी कॅमेरा घेऊन दिला. तो स्वतःचे वायफाय सोडतो, त्याला टॅबलेट जोडला की टार्गेट ताटाएवढे दिसते, आणि पाहणाऱ्या सर्वांना कौतुक वाटते. चार महिन्यांच्या वापरानंतर मात्र माझे मत असे झाले आहे की हा टॅबलेट मुलांसमोरून काढून फक्त प्रशिक्षकाकडे ठेवावा.

गोळी सुटली त्या क्षणी नळीच्या टोकावरच्या फोरसाइटची रिंग टार्गेटच्या काळ्या गोलाभोवती नेमकी कशी होती, हे मनात धरून नेमबाजाने 'नऊ, चार वाजण्याच्या दिशेला' असे स्वतःशी म्हणायचे आणि मगच भोक पाहायचे, याला आपण शॉट कॉल करणे म्हणतो. कॉल आणि भोक जुळले नाही तर चूक वाऱ्याची, साइट सरकवायच्या क्लिकची की ट्रिगरची, याचा शोध तेथून सुरू होतो. गेल्या आठवड्यात मी पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या मागे उभा होतो. बोल्ट उघडून रिकामे काडतूस चटईवर पडण्याच्या आत तिची मान टॅबलेटकडे वळलेली होती. तिला मी कॉल विचारला, तर ती म्हणाली, "सर, दिसतंय की, नऊ आहे." गोळी कोठे लागली हे तिला कळले होते, कशी सुटली हे तिला आठवत नव्हते.

माजी राज्यस्तरीय नेमबाज, छत्रपती संभाजीनगर

सर, आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवतो. आज मोठ्या स्पर्धांत प्रत्येक नेमबाजाच्या शेजारी मॉनिटर असतो आणि प्रत्येक गोळी त्यावर लगेच उमटते. स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये शातोरूच्या रेंजवर ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून) अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हाही दशांशातले गुण प्रत्येक गोळीगणिक सर्वांसमोर येत होते. मग ज्या मुलाने सरावात कधी पडद्यासमोर गोळी झाडलेली नाही, त्याने स्पर्धेत तो पडदा कसा सोसावा?

हे मी अनुभवाने लिहितो. कागदी टार्गेटवर वाढलेला मी पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक रेंजवर गेलो, मॉनिटरवर ८.७ पाहिला आणि पुढच्या तीन गोळ्या घाईने घालवल्या. त्या आकड्याकडे पाहून शांत राहण्याची सवय मला कोणी लावलीच नव्हती.

शिवाय डोळ्यांचा प्रश्न आहेच. ५० मीटरवर ५.६ मिलिमीटरचे भोक उघड्या डोळ्यांसमोर अर्ध्या कोनीय मिनिटाहूनही (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी जागा घेते, म्हणजे सामान्य नजरेला ते दिसणे शक्य नाही, आणि काळ्या गोलात तर मुळीच नाही. चष्मा लावणाऱ्या मुलाला आयपीसमागे डोळा बरोबर टेकवता येत नाही, तो मान हलवत राहतो आणि त्यात त्याची बैठक मोडते. त्याच्यासाठी हा कॅमेरा चैनीची वस्तू नाही.

निवृत्त सैनिक, नांदेड

माझा आक्षेप वेगळाच आहे आणि त्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. स्पॉटिंग स्कोप केवळ भोक पाहण्यासाठी नसतो. आपल्याकडे फाल्गुन सरला की सकाळी दहापासून काळी जमीन तापते आणि गोळीबाराच्या रेषेपासून टार्गेटपर्यंत मृगजळ हलू लागते. स्कोपचा फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणला की ते मृगजळ पाण्यासारखे वाहताना दिसते. ते डावीकडून उजवीकडे धावत असेल तर वारा तसा आहे. ते सरळ वर उकळत असेल तर वारा थांबलेला आहे, किंवा समोरून अथवा पाठीमागून येत आहे. १० आणि ३० मीटरवरच्या कापडी निशाण्या हलण्याआधी पुष्कळदा ही खूण मिळते. कॅमेऱ्याचा फोकस एकदा कागदावर पक्का केला की ही खूण गेली, आणि कोणी तो अलीकडे आणलाच तरी वायफायवरून दाबून पाठवलेल्या चित्रात ती बारीक थरथर पुसट होते, वर चित्र उशिरा पोहोचते. भोक अर्ध्या सेकंदाने दिसले तर काही बिघडत नाही. वाऱ्याचे तसे नाही. मराठवाड्यातल्या मुलाला वारा वाचता आला नाही तर त्याला आपण काय शिकवले, असा प्रश्न मला पडतो.

एका नेमबाजाची आई, लातूर

दादा, वाऱ्याचे आपले म्हणणे पटते; मे महिन्यात आमचा टॅबलेट तर उन्हाने तापून बंदच पडतो. तरीही कॅमेऱ्याने साठवलेल्या चित्रांचा एक उपयोग सांगते. माझ्या मुलाच्या चार रविवारच्या चित्रांत प्रोनच्या, म्हणजे पालथे झोपून झाडायच्या, शेवटच्या दहा गोळ्या दर वेळी डावीकडे सरकलेल्या दिसल्या. कागद तर आम्ही दर वेळी फेकून देत होतो. चित्रे शेजारी शेजारी ठेवल्यावर सरांनी त्याचा स्लिंग (बंदूक दंडाशी बांधणारा पट्टा) तपासला, तेव्हा तो दंडावरून हळूहळू खाली घसरत असल्याचे आढळले.

प्रशिक्षक, परभणी

ताई, नोंदीसाठी कॅमेरा हवाच, म्हणूनच तो प्रशिक्षकाकडे ठेवावा असे मी म्हणतो. मॉनिटरचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागेल. त्याचा मी पुरेसा विचार केलेला नव्हता. तरी एक फरक राहतोच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५, ५० आणि ३०० मीटरच्या प्रकारांत बंदुकीला न जोडलेली दुर्बीण गोळी शोधण्यासाठी आणि वारा पाहण्यासाठी वापरता येते, १० मीटरला नाही. स्पर्धेत रेषेवर मोबाइल हाताळण्याची तर परवानगीच नाही. म्हणून रविवारपासून टॅबलेट चटईवर पालथा राहील, मुलाने कॉल मोठ्याने सांगावा आणि मगच तो उलटावा, असे मी ठरवले आहे.

माजी राज्यस्तरीय नेमबाज, छत्रपती संभाजीनगर

सर, टॅबलेट उलटण्यासाठी हात गेला की डावे कोपर हलणार आणि प्रोनची बैठक प्रत्येक गोळीला नव्याने लावावी लागणार. तो स्टँडवर डोळ्याच्या रेषेत ठेवा, त्यावर काळे फडके टाका, आणि ते उचलायला शेजारी दुसरा मुलगा बसवा. कॉल त्यालाच वहीत लिहू द्या.