बीटा ऑफ केलं म्हणजे जुनं व्हर्जन येत नाही

वर विचारलंय की आयफोनवर बीटा (सगळ्यांना मिळायच्या आधीचं चाचणीचं व्हर्जन) टाकलाय, आता सेटिंगमधून बीटा अपडेट्स ऑफ केलं की आधीचं व्हर्जन येईल का, तर नाही, त्याने फक्त पुढचे बीटा यायचे थांबतात, फोन आहे तिथेच राहतो. घाई नसेल तर ऑफ करून गप्प बसा, पुढचं पब्लिक व्हर्जन आलं की नेहमीसारखं अपडेट मारा, डेटा जागच्या जागी.

आत्ताच हवं असेल तर मग कॉम्प्युटरला केबल लावून रिकव्हरी मोड आणि रिस्टोर (फोन पुसून व्हर्जन नव्याने टाकणं), यात सगळं पुसलं जातं (व्हॉल्यूम अप, डाउन, मग साइड बटण धरून ठेवायचं, लोगो दिसला तरी सोडायचं नाही, इथेच सगळे गंडतात). आणि खरी गोम म्हणजे बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनवर चढत नाही! मी शहाणपणा करून नेमका तोच घेऊन बसलो होतो, फोटो आयक्लाउडवर होते म्हणून वाचलो. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा घ्या, यूपीआय परत रजिस्टर करावं लागतं.

गूगलच्या पिक्सेल फोनवाले, बीटातून बाहेर पडल्यावर लगेच येतं ते अपडेट डाउनग्रेडचं (जुन्या व्हर्जनवर नेणारं) असतं, दाबलंत की फोन साफ. स्टेबल (सगळ्यांसाठीचं पक्कं) व्हर्जन येईपर्यंत त्याला हात लावू नका.