सोसायटी ग्रुप: फोर्टातलं निळं सिनेगॉग

ए-२०२: परवा काळा घोड्याला गेले होते. ते आकाशी सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आठवतंय ना? मूळचा पांढरा आणि गडद निळा रंग परत दिल्यापासून ओळखूच येत नाही. आतल्या रंगीत काचा बघून मान अवघडली माझी.

सी-५०१: आकाशीच भारी होतं. लांबून दिसायचं.

ए-२०२: दादा, आकाशी नंतरचा हो. इमारत १८८४ची. जेकब ससूनने वडिलांच्या, एलियास यांच्या नावाने बांधली, म्हणून नाव केनेसेथ एलियाहू.

सी-१०३: म्हणजे आपल्या अलिबागकडचे ज्यू?

बी-३०४: नाही गं. ते बेने इस्रायल. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. मराठी बोलणारे, आडनावंसुद्धा पेणकर, दिवेकर. मांडवीचं १७९६चं सिनेगॉग त्यांचं. मसजिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. फोर्टातले बगदादी. जेकबचे आजोबा डेव्हिड ससून १८३२च्या सुमारास बगदाद सोडून मुंबईत आले. घरात अरबी बोलायचे.

सी-५०१: काका, पण प्रार्थनेला येतं कोण आता? १९४८नंतर बहुतेक इस्रायलला नाहीतर इंग्लंडला गेले. एवढा खर्च कशाला?

बी-३०४: दहा पुरुष जमल्याशिवाय त्यांची सामूहिक प्रार्थना होत नाही, ती अडचण खरीच. पण माणसं कमी झाली म्हणून वास्तू पडू द्यायची? आणि खर्च तुझ्या खिशातून नव्हता. जेएसडब्ल्यू फाउंडेशनसारख्यांनी हातभार लावला. वास्तुविशारद आभा नारायण लांबांनी जीर्णोद्धाराचं काम केलं, २०१९ला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

सेक्रेटरी: मंडळी, विषयांतर नको. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कोटेशन्स आलीत, उद्यापर्यंत मत द्या.

ए-२०२: विषय तोच आहे! जुन्या दगडी भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगड पोखरतो. तिथे चुनाच लागतो.

सेक्रेटरी: ताई, आपली बिल्डिंग आरसीसी आहे.

सी-१०३: चुना आपल्याला मागच्या कंत्राटदाराने लावलाच आहे 😄

बी-३०४: 😂 रविवारी जाऊया का बघायला? शनिवारी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस असतो, तेव्हा नको. ओळखपत्र घ्या, दारावर विचारतात.

सी-५०१: मी येतो काका. रंगाचं मात्र अजून पटलं नाही.

सेक्रेटरी: आधी कोटेशन.