गोलपोस्टमागचा स्टँड हे प्रेक्षणीय स्थळ नाही

गोलपोस्टमागे
कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं. ‘युरोपात गेलात तर फुटबॉलच्या कट्टर समर्थकांच्या स्टँडचंच तिकीट काढा आणि सगळा माहोल मोबाइलवर टिपा’ म्हणे! जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये जवळपास २५,००० माणसं उभी असतात आणि नव्वद मिनिटं गाणं हे तिथलं काम असतं. कापो, म्हणजे गाणाऱ्यांचा म्होरक्या, मैदानाकडे पाठ करून, भोंगा घेऊन गाणी उचलून देतो. हात वर म्हटलं की सगळ्यांचे हात वर. त्यात फोन धरून उभा राहिलेला माणूस लय तोडतो. शिवाय अल्ट्रांना, म्हणजे या संघटित कट्टर समर्थकांना, चेहरे टिपलेले चालत नाहीत, कारण स्टेडियमबंदी अशा चित्रणावरूनही येते. पहिल्यांदा फोन खाली घ्यायला सांगतात, दुसऱ्यांदा सांगत बसत नाहीत.

भटक्या
तिकीट घेतलेल्याला हाकलायचा हक्क कुणी दिला? गाणी शिकून येणारेही पर्यटकच असतात. नुसतं ‘येऊ नका’ म्हणण्यापेक्षा कसं यावं ते सांगा ना.

गोलपोस्टमागे
सांगतो. त्या स्टँडची बहुतेक तिकिटं अख्ख्या सीझनचं तिकीट काढणाऱ्यांकडे असतात, म्हणून शेजारच्या बाजूचा ब्लॉक घ्या. आवाज तोच, जबाबदारी नाही. आणि दोन्ही संघांचे रंग जोडलेला मफलर कृपया नको. इंग्लंडमध्ये त्याच्याइतकी चीड दुसऱ्या कशाचीच येत नाही.

पायरी_तिसरी
उभं राहून बघायच्या स्टँडमध्ये जाणारच असाल तर लोखंडी दांडा बघून जागा धरा. दांडा पोटाशी आला तर गोल झाल्यावर वरून येणारा सगळा लोंढा तुम्हाला त्यावर दाबतो. दांडा पाठीशी ठेवा, म्हणजे लोंढा तो अडवतो. जिन्याच्या तोंडाशी उभं राहू नका. चष्म्याला दोरी बांधा.

कायद्याचं_बोला
मुळात तिकीट मिळवता कुठून? इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, मूळ किमतीला विकलं तरी. दलाल क्लबच्या कुणा सदस्याचा पास पाठवतो, क्लबला सुगावा लागला की तो रद्द होतो आणि फाटकावर लाल दिवा लागतो. पैसे गेलेच.

भटक्या
सदस्य नसलेल्याने मग करायचं काय? मोठ्या सामन्यांची तिकिटं सदस्यांतच संपतात. दलाल क्लबच्याच धोरणाने जन्माला घातलेत!

कायद्याचं_बोला
म्हणून चोरवाट बरोबर ठरत नाही! परदेशी माणसालाही सदस्यत्व घेता येतं. क्लबच्या अधिकृत फेरविक्रीवर लक्ष ठेवा, सामना जवळ आला की तिकिटं सुटतात. तुर्कस्तानात २०१४ मध्ये पासोलिग हे प्रेक्षकाच्या नावाचं कार्ड आलं, तिथे तिकीट माणसाच्या नावाला बांधलेलं. अर्जेंटिनातल्या बोका क्लबच्या ला बोंबोनेरा स्टेडियमात तर लीगच्या सामन्यांना साधारणपणे सदस्यांनाच प्रवेश. तिथे एजंट दुसऱ्याचं सदस्यकार्ड हातात देतो आणि कार्ड अडलं की फाटकावर उत्तर तुम्ही द्यायचं.

रविवारची_सुट्टी
सगळे तिकिटावर भांडताय, टीव्हीवाल्यांना कुणी काही बोलत नाही! शनिवारचा सामना म्हणून विमान काढावं आणि प्रक्षेपणासाठी तो रविवारी नाहीतर सोमवारी ढकलला जातो. वेळ पक्की होईपर्यंत हॉटेलसुद्धा रद्द करता येणारंच घ्या. जर्मनीत स्टँडने निषेध करून करून बुंडेसलिगा या अव्वल लीगचे सोमवारचे सामने २०२१-२२ पासून बंद पाडले. हे गाणाऱ्यांनी केलं, फोनवाल्यांनी नाही.

भटक्या
हे मान्य. पण दलालाकडे जाणारा प्रत्येक जण चोर नसतो, हेही लिहा. इटलीत तिकिटावर प्रेक्षकाचं नाव असूनही ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं.

कायद्याचं_बोला
क्लबने त्या सामन्यापुरती सोय खुली ठेवली असेल तरच. नाहीतर फाटकावर पासपोर्ट आणि तिकीट शेजारी धरून नाव ताडतात, तिथे वाद चालत नाही. नाव बदलायचं असेल तर ते क्लबच्या संकेतस्थळावर, निघण्यापूर्वी.