घरच्यांबरोबर रानफुलं शोधताना: तुमचे अनुभव लिहा

श्रावणसर
काल घाटात गाडी थांबवली तर लेक कडेच्या नारिंगी फुलांकडे धावली. "आई, रानफुलं!" कॉसमॉस होता तो. मूळचा मेक्सिकोकडचा, बागांमधून सुटला आणि आता उतारच्या उतार व्यापतोय. तिला तसं सांगताना दादा आठवले, माझे वडील. फूल दिसलं की ते आधी नाव सांगायचेच नाहीत. खाली बसवायचे. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? देठ गोल की चौकोनी? खालचं एखादं पान चुरगळून वास घे. आम्ही भावंडं ओल्या कातळावर उकिडवी, डोकी एकमेकांवर आपटतायत, आणि दादा मागे छत्री धरून उभे. नाव सगळ्यात शेवटी.

सोनकी त्यांनी भिंगातून दाखवली होती. लांबून एक पिवळं फूल. भिंगाखाली मात्र कडेला चपटी, जिभेसारखी फुलं आणि मधे बारीक नळ्यांची दाटी. त्यातली बाहेरच्या कड्यातली उमललेली, आतली अजून मिटलेली. म्हणजे ज्याला आपण फूल म्हणतो तो अख्खा गुच्छच. ते पाहिल्यापासून मी पठारावर गेले की आधी एका सोनकीपाशी बसते, देखावा नंतर.

लेकीला आता हे सगळं दाखवायचंय. आपली, इथलीच रानफुलं तुम्ही कुणाबरोबर शोधलीत, कशी ओळखलीत? सविस्तर लिहा, दोन ओळी लिहा, काहीही चालेल.

कातळसडा
दीपकाडी!! रत्नागिरीकडचे असाल तर कळेल. पहिला पाऊस पडून गेला की जूनमध्ये सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पांढरीशुभ्र. आत्या गुरं घेऊन निघायची, आम्ही पोरं मागे. ती म्हणायची पाय बघून टाका, दीपकाडीचा कांदा दुखावेल. आमच्या बाजूचा बराच सडा चिरेखाणीत गेला. उरलेल्यावर दर जूनला पोरांना नेतो. शाळा बुडली तरी नेतो.

आघाडा
मला आज्जीने. गणपतीच्या आदल्या दिवशी पत्री आणायला जायचो तेव्हा. आघाड्याचा तुरा बोटांत धरून वरून खाली ओढायला सांगायची, मऊ जातो. मग खालून वर ओढ म्हणायची. लगेच टोचतो, कारण त्याची फळं खाली वळलेली असतात. म्हणून तर शेतातून आलं की परकराला चिकटलेली असायची. अंधारात हाताला लागला तरी आघाडा ओळखेन मी.
माकाही तिनेच दाखवला. पान चुरगळलं की बोटं काळपट होतात.

दोन पिल्लांची आई
कुकर लावलाय तोवर लिहिते. सीतेची आसवे! मुलांना कासला दाखवली. एवढंसं जांभळं फूल, मागे सोंडेसारखा बाक. धाकट्याला म्हटलं हे किडे खातं, तर तो तोंड शोधायला लागला. त्याला सांगितलं की सापळे खाली आहेत, ओल्या मातीत, टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या. पाण्यातला बारीक जीव दाराशी आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत आत ओढला जातो. उपटून बघायचं नाही हे त्याला पटवताना फार वेळ गेला, पण पटलं. आता तोच इतरांना ओरडतो, पायवाट सोडू नका म्हणून.

घाटमाथा
कारवी लिहिली नाही अजून कुणी? आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी टाकून मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2016 मध्ये फुलली तेव्हा मुलगा माझ्या खांद्यावर होता. 2024 ला तो पुढे, मी मागे, आणि माझे बाबा काठी टेकत त्याच्याबरोबर. 2008 ची बाबांनी त्याला तिथेच वर्णन करून सांगितली. 2032 ला कोण कोण असेल ते बघू, आम्ही जाणार हे नक्की.
कासची टोपली कारवी वेगळी बरं का. ती सात वर्षांनी, आणि झुडूप टोपली उपडी घातल्यासारखं बुटकं. पुष्कळ जण दोन्हींची वर्षं एकत्र करतात.

आघाडा
@घाटमाथा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबांना नमस्कार सांगा.
आमच्या जुन्या घराची मागची भिंत कारवीच्या कुडाची होती, वरून शेणमातीचा गिलावा. उन्हाळ्यात त्या खोलीसारखी झोप कुठे लागली नाही. आणि कारवीचा मध कुणी खाल्लाय का?

घाटमाथा
खाल्लाय! दाट, काळपट. मिळाला तर सोडू नका.

भिंगवाला काका
मोबाइलवर ओळखणाऱ्यांसाठी. नुसता समोरून फुलाचा फोटो काढून गुगल लेन्सला विचारलंत तर ते बागेतलं काहीतरी विलायती नाव सांगून मोकळं होतं. फूल समोरून, फूल बाजूने, पान, पानाची मागची बाजू, पूर्ण झाड आणि ते कुठे उगवलंय (कातळ, डबकं, झाडाची फांदी) एवढं हवं. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो. मग आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, जाणकार माणसं नाव तपासतात.
एक कळकळीची विनंती. कंदीलपुष्प, शिंदळ माकुडी, आमरी (ऑर्किड) असं काही दुर्मिळ दिसलं तर जागा जाहीर करू नका. कंदीलपुष्पाचा कंद खणून नेतात. शिंदळ माकुडी तर कड्यांच्या कपारीत मोजक्या ठिकाणी उरली आहे. आम्ही नातवंडांना दाखवतो ते "कुठे होतं हे सांगायचं नाही" या अटीवर, आणि ती पाळतात.

श्रावणसर
काका, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. नाण्याची युक्ती रविवारीच वापरते.

पावसाळी बूट
कळलावीबद्दल पालकांनी वाचा. इतकी देखणी असते की मुलं हात घालतातच. पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लाटांसारख्या, आधी पिवळट हिरव्या आणि मग लालभडक. पानाचं टोक सुतळीसारखं गुंडाळून आधाराला पकडतं, त्यावरून फूल नसतानाही ओळखता येते. सगळं झाड विषारी, कंद सर्वांत जास्त. बघा, फोटो काढा, तोंडाजवळ नेऊ देऊ नका.

दोन पिल्लांची आई
@पावसाळी बूट, धन्यवाद, आमच्या कुंपणावर आहे! आजच मुलांना दाखवून ठेवते.
आणि मिकी माउस राहिलं. पिवळं फूल, वरच्या पाकळीवर दोन लाल ठिपके. मुलं एकदा बघितलं की विसरत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, अगं हा तर कवला, आम्ही याची भाजी करतो.

कातळसडा
कवल्याची भाजी!! कृती टाका ना ताई.

दोन पिल्लांची आई
कोवळी पानं खुडून चिरायची. कांदा, लसूण, भिजवलेली मूगडाळ, शेवटी ओलं खोबरं. सासूबाई मिरची ठेचूनच घालतात.

पावसाळी बूट
भारंगीची पण लिहा कुणीतरी. माझी कडू होते.

आघाडा
भारंगीची पानं उकडून पाणी पिळून टाकायचं, मग फोडणी. सोबत वाल घातले की छान लागते. पाला कोवळाच हवा.

कातळसडा
या रविवारी साताऱ्याकडे चाललोय, कवला मिळेल का बाजारात?

दोन पिल्लांची आई
आता फुलावर आलाय म्हणजे पाला निबर झाला. पुढच्या वर्षी पाऊस सुरू झाला की लगेच बघा. आणि कासला जाणार असाल तर आधी ऑनलाइन नोंदणी करा, रविवारी फार गर्दी असते. जमलं तर मधल्या वारी जा आणि कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत चालत जा, मुलांना झेपतं.