फोटोवरून काढलेला पक्षी पेंढा भरल्यासारखा का दिसतो?

शेकाट्या_बडोदा:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली वॉटरकलर करतेय आणि गेल्या थंडीपासून फक्त पक्षीच काढते. रविवारी पहाटे आम्ही तिघीचौघी डभोईच्या रस्त्याने वढवाणा तलावावर जातो, फोटो काढतो आणि घरी येऊन त्यावरून चित्र. परवा शेकाट्या केला, पीस न् पीस काढलं, लांबलचक गुलाबी पाय अगदी मापात, सहा तास बसले होते. आई म्हणाली, छान आहे गं, पण हा आता उडेल असं काही वाटत नाही, पेंढा भरून ठेवलाय जणू. वाईट वाटलं कारण बरोबरच बोलली ती. तिथेच बसून काढायला जावं तर पेन्सिल टेकवेपर्यंत हा वळलेला, मान खाली, चोच पाण्यात, मग मी खोडत बसते. जे लोक बघून काढतात ते नेमकं कसं करतात? आणि माझा खंड्या नेहमी सपाट निळा येतो, त्याचंही सांगा.

कमाटीबागवाला:
ताई, आधी खोडरबर घरी ठेवा. पक्षी हलला की ते चित्र आहे तिथेच सोडायचं आणि बाजूला दुसरं सुरू करायचं, एका पानावर सात-आठ अर्धे पक्षी झाले तरी काय बिघडत नाही. कारण तो पुन्हा त्याच पोझमध्ये येतोच. शेकाट्या दोन पावलं टाकतो, टोचतो, थांबतो, परत तेच, मग आपणही आपल्या पहिल्या चित्रावर परत जायचं. पण मी म्हणेन सुरुवात शेकाट्यापासून नकोच, वंचकापासून करा, म्हणजे आपला छोटा बगळा. जिथे पाणी तिथे सापडतो, मान खांद्यात घालून कितीतरी वेळ एका जागी बसतो, मातकट, रेघारेघांचा, आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र, दरवेळी बघताना मला नवीनच वाटतं. पावसाळ्यात पाठ विटकरी-जांभळी होते ती तर बघाच. मी दोन वर्षं जवळजवळ फक्त वंचकच काढला. विश्वामित्रीवर जाणार असाल तर पुलावरूनच बघा, काठाला उतरू नका, मगरी आहेत.

मावशी_दांडियाबाजार:
खोडरबराचं अगदी पटलं. पण बाळा, तुझी मुख्य चूक मला पिसांत दिसते. पिसं सगळ्यात शेवटी, आधी वजन. पक्षी एका पायावर उभा असला की तो पंजा अंगाच्या भाराखाली यायलाच हवा, तू पेन्सिल उभी धरून बघ, छातीपासून सरळ खाली आणलीस की पंजा कुठे येतो. तो जरा पुढेमागे झाला की बघणाऱ्याला कारण कळत नाही पण पक्षी खोटा वाटतो. आणि शेकाट्याचा जो उलटा वाकलेला गुडघा आपण म्हणतो ना, तो गुडघा नाहीच, घोटा आहे तो. खरा गुडघा वर पोटाजवळ पिसांत लपलेला असतो. मला हे कळलं त्या दिवसापासून चालणारे पाय जमायला लागले.
आणि आपली नावं नीट ऐक गं, निम्मं चित्र त्यातच असतं. हळदीकुंकू बदकाची चोच बघ दुर्बिणीतून, काळी चोच, टोकाला हळद आणि कपाळाला टेकते तिथे दोन्ही बाजूंना कुंकवाचा ठिपका. थापट्याची चोच खरंच थापीसारखी. एवढं आलं की बाकीचं बदक दोन फटकाऱ्यांत झालं तरी ओळखू येतं.

ओला_कागद:
रंगाचं मी सांगतो. खंड्याच्या पिसात निळा रंग नसतोच, पिसाच्या रचनेमुळे प्रकाश तसा परततो, म्हणून उजेड बदलला की निळाही बदलतो. एकच निळा लावला तर सपाटच दिसणार. आधी पातळ फिरोजी, तो पूर्ण वाळू द्या (इथेच सगळे घाई करतात), मग सावलीच्या बाजूला गडद निळा अल्ट्रामरीन, आणि पाठीवर सगळ्यात जास्त चमकतं तिथे कोरा कागद सोडायचा. काळा ट्यूबमधला नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून करा, वारकरी पक्ष्याचं काळं अंग त्यात जिवंत वाटतं. कागद 300 जीएसएमचा घ्या, पातळ कागद पोक काढतो.
फोटो टाकून देऊ नका मात्र. ठिपके, पट्ट्या मोजायला लागतातच. उभं राहणं तेवढं वहीतून घ्या.

कमाटीबागवाला:
एक राहिलं. वढवाणा 2021 पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आहे, तिथे थंडीत पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, येतात ते हिमालय ओलांडून. स्केचसाठी जवळ सरकत जाऊन त्यांना उडवू नका प्लीज. ट्रायपॉडवर स्कोप लावून लांबूनच काढा. घरट्यावर बसलेला पक्षी तर काढूच नये असं माझं ठाम मत.

शेकाट्या_बडोदा:
सगळ्यांचे खूप आभार. आज संध्याकाळी पुलावर गेले होते, खोडरबर न नेता. एकूण अकरा वंचक, त्यातले आठ नुसत्या रेघा. पण एकाने अचानक मान बाहेर काढली, केवढी लांब असते ती, आणि मी न बघता हात चालवला, तो एक आईला दाखवला तर म्हणाली काय बघतोय गं हा? मावशी, ती मान आत घेतो तेव्हा वळण छातीपुढे येतं की खांद्यांच्या मधे जातं? तिथे माझं अजून अडतंय.